गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र आणि तापमान: दिवस-अंशांचा हिशेब

काळीभोर (यवतमाळ)

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात २०१७ पासून दर हंगामात बोलले जाते, परंतु त्या बोलण्यात बियाणे, औषध आणि भरपाई हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. ही अळी कोणत्या महिन्यात किती वेगाने वाढते आणि तो वेग तापमानाप्रमाणे कसा बदलतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो. माझ्या मते फवारणी वाया जाण्याचे निम्मे कारण तिथेच आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याला मिळणाऱ्या सल्ल्यात बहुतेक वेळा 'पेरणीनंतर इतक्या दिवसांनी पहिली फवारणी, इतक्या दिवसांनी दुसरी' असे लिहिलेले असते. हे दिवस पिकाच्या वयाचे असतात. अळीचे वय त्यावरून कळत नाही, कारण कीटकाला स्वतःचे शरीर उबदार ठेवता येत नाही आणि भोवतालची हवा जितकी उबदार असेल तितक्याच वेगाने त्याची वाढ होते. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत सरासरी तापमान सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की वाढ जवळपास थांबते. त्याला उंबरठा तापमान म्हणतात. त्यावर जितके अंश तापमान असेल, तितके त्या दिवसाचे 'दिवस-अंश' अळीच्या खात्यात जमा होतात, आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास पूर्ण व्हायला असे साधारण ५०० दिवस-अंश जमा व्हावे लागतात.

हिशेब सोपा आहे. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून त्याचे निम्मे करायचे आणि त्यातून १३ वजा करायचे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कमाल ३१ आणि किमान २४ धरले, तर सरासरी २७.५ येते आणि एका दिवसात १४.५ दिवस-अंश जमा होतात, म्हणजे सुमारे ३४ दिवसांत एक पिढी पूर्ण होते. ऑक्टोबरमध्ये कमाल ३३ आणि किमान २० असेल, तर रोजचे १३.५ मिळतात आणि पिढीला ३७ दिवस लागतात. डिसेंबरमध्ये कमाल २८ आणि किमान १२ झाले, की रोजचे फक्त ७ उरतात आणि त्याच प्रवासाला सत्तर दिवसांहून अधिक काळ लागतो. अळी तीच, पीक तेच, आणि वेळ मात्र दुप्पट.

हा वेग निरनिराळ्या अवस्थांमध्ये वाटला जातो. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना अंडी चार-पाच दिवसांत उबतात, अळी दोन ते अडीच आठवडे खाते, कोषावस्था आठवडा-दहा दिवसांची असते आणि बाहेर पडलेली मादी दोन-तीन दिवसांत अंडी घालू लागते. यांपैकी आपल्या औषधाच्या टप्प्यात येणारा काळ फारच थोडा आहे. हंगामाच्या सुरुवातीला अंडी पात्यांवर (नुकत्याच लागलेल्या कोवळ्या कळ्यांवर) आणि मोठ्या कळ्यांवर असतात, तर पुढे हिरव्या बोंडाच्या बुडाशी, पुष्पकोशाच्या आड दडवलेली असतात. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात, बहुधा दोन तासांच्या आत, बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. त्यानंतर वरून काय फवारले याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

यंदा पहिली डोमकळी दिसली की ती उघडून पाहावी, अशी सर्वांना विनंती आहे. निरोगी फूल सकाळी पूर्ण उमलते. डोमकळीच्या पाकळ्या मात्र टोकाशी रेशमी धाग्यांनी बांधलेल्या असतात आणि फूल मिटलेल्या गुलाबासारखे राहते. पाकळ्या हलक्या हाताने सोडवल्या, की आत परागकणांच्या भुकटीत पांढुरकी, काळसर डोक्याची बारीक अळी सापडते. गुलाबी पट्टे शेवटच्या अवस्थेत येतात, त्यामुळे रंग पाहून ओळखू म्हटले तर उशीर झालेला असतो.

आपापल्या भागातील पेरणीच्या तारखा, पाते लागण्याचा काळ आणि कामगंध सापळ्यांतले (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतले) आकडे येथे लिहिले, तर हा हिशेब गावागावांत कितपत जुळतो ते तपासता येईल.

तापीकाठ (जळगाव)

काळीभोर दादा, विषय चांगला घेतला आहे. आमच्याकडे ठिबकवर मे महिन्यात कपाशी लावण्याची पद्धत जुनी आहे. १ जूनपूर्वी लागवड करू नये असे कृषी विभाग सांगतो आणि बियाण्यांची विक्रीही त्याच बेताने उशिरा सुरू होते, हे खरे असले तरी आमच्या बाजूचा विचार कोणी करत नाही. मे महिन्यात लावलेली कपाशी नोव्हेंबरमध्ये मोकळी होते, रान गव्हाला किंवा मक्याला मिळते आणि फरदड (मुख्य वेचणीनंतरही पीक उभे राखून पुढचा बहर घेणे) ठेवण्याचा मोह होत नाही. शिवाय जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नवतपात तर माणूस शेतात उभा राहू शकत नाही, मग इतक्या उष्णतेत ही नाजूक कीड जगते कशी? तुमच्या हिशेबाप्रमाणे उष्णता वाढली की अळी वेगाने वाढते, असे धरायचे का? तसे असेल तर मे महिना तिचा सर्वांत चांगला महिना ठरायला हवा.

काळीभोर (यवतमाळ)

तापीकाठ भाऊ, प्रश्न नेमका आहे. उंबरठा जसा खाली असतो, तशी वरही मर्यादा असते. साधारण ३५ अंशांपर्यंत वाढीचा वेग चढतो. त्यापुढे वेग वाढत नाही, उलट अंडी कमी उबतात, पतंगांचे आयुष्य घटते आणि माद्या कमी अंडी घालतात. म्हणून मे महिन्याचे दिवस-अंश काढताना कमाल तापमान ४४ असले तरी ते ३५ इतकेच धरावे. उघड्यावरच्या अंड्यांना आणि पतंगांना ही उष्णता खरोखरच जाचक असते.

पण मे महिन्यात ही कीड बहुतांशी उघड्यावर नसतेच. हंगामाच्या अखेरीच्या अळ्यांपैकी बऱ्याच अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. त्या एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांमध्ये, न फुटलेल्या कवडी बोंडांत, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगात किंवा मातीच्या भेगांमध्ये स्वतःभोवती दाट जाळे विणून पडून राहतात. ढिगाच्या आतले तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा बरेच कमी असते आणि सुप्त अळीचा श्वासोच्छ्वासही मंदावलेला असतो. अशी अळी कित्येक महिने न खाता जगते. उन्हाळी नांगरटीचा उपयोग यासाठीच आहे: मातीतली अळी वर आली की तापलेल्या जमिनीवर ती टिकत नाही. बांधावरच्या ढिगातल्या अळीला मात्र नांगर लागत नाही, आणि आमच्याकडे चुलीसाठी रचलेला तो ढीग पोळ्यापर्यंत जागचा हलत नाही.

आता हंगामपूर्व कपाशीबद्दल. सुप्तावस्थेतून उठलेले पतंग मार्चपासून जुलैपर्यंत थोडे थोडे बाहेर पडत राहतात आणि पहिल्या पावसाने ओलावा आला की त्यांची संख्या वाढते. पतंग उन्हाळ्यात जेमतेम आठवडाभर, फार तर थोडा अधिक जगतो. त्या काळात शिवारात कपाशीला पाते नसेल, तर त्यांच्या अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि ती संपूर्ण फळी वाया जाते. २० जूनच्या सुमारास पेरलेल्या कपाशीला जुलैअखेर पाते लागते, तोवर बहुतेक पतंग निघून मरून गेलेले असतात. २० मे रोजी लावलेल्या कपाशीला मात्र जूनअखेरच पाते लागते आणि पतंग ऐन भरात असतात.

दोन्हींचा हिशेब शेजारी ठेवून पाहा. ३० जूनला पात्यावर पडलेल्या अंड्याचा पतंग ३ ऑगस्टच्या सुमारास निघतो, त्याची पुढची पिढी ७ सप्टेंबरला आणि त्यापुढची ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होते. ३० जुलैला सुरुवात झाली, तर पतंग ३ सप्टेंबर आणि ९ ऑक्टोबरच्या आसपास येतात. म्हणजे बोंडे भरण्याच्या ऐन काळात हंगामपूर्व कपाशीवर तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात, तर पावसावर पेरलेल्या कपाशीवर दोन. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालते, त्यामुळे एका जास्तीच्या पिढीने संख्या कोठून कोठे जाते ते वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबरमध्ये रान मोकळे करण्याचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मोलाचा आहे. अडचण अशी की तुमच्या शेतात ऑगस्टमध्ये निघालेले पतंग तुमच्याच शेतात राहत नाहीत. ते शेजारच्या जून महिन्यातल्या कपाशीवर जातात आणि तिथला शेतकरी नोव्हेंबरमध्ये रान मोकळे करत नाही.

रेचा (हिंगणघाट)

मी जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या) व्यवसायात आहे, म्हणून या चर्चेत एक बाजू जोडतो. काळीभोर यांनी बांधावरच्या ढिगाचे सांगितले, तसाच साठा जिनिंगच्या आवारातही असतो. जानेवारीनंतर येणाऱ्या कापसात कवडीचे प्रमाण वाढते, त्याची सरकी ढिगात पडून राहते आणि त्या सरकीतल्या अळ्या आमच्या शेडच्या सावलीत उन्हाळा काढतात. मार्च-एप्रिलमध्ये आवारात कामगंध सापळे लावले, की शिवारात कपाशीचे एकही हिरवे झाड नसताना त्यांत पतंग सापडतात. ज्यांना सुप्तावस्थेबद्दल शंका असेल, त्यांनी जवळच्या जिनिंगमध्ये जाऊन हे सापळे पाहावेत.

उष्णतेचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो. सरकीतली अळी मारण्यासाठी उष्णतेचाच वापर करण्याची पद्धत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये बियाण्याची सरकी काही मिनिटे सुमारे ५५ अंशांहून थोडी अधिक तापवून अळ्या मारल्या जात. इतकी उष्णता अळीला सोसत नाही आणि बियाण्याच्या उगवणीलाही धक्का लागत नाही. तेलासाठी जाणारी सरकी लवकर गाळपाला गेली तरी काम होते. एप्रिलअखेर आवारात सरकीचा साठा उरू नये आणि कचरा जाळून किंवा पुरून टाकावा, हे नियम म्हणून सर्वांना माहीत आहे, पण भाव वाढेल या आशेने साठा थांबवला जातो आणि जिनिंगच्या दोन-तीन किलोमीटर परिसरातील शेतांना त्याची झळ पहिल्यांदा बसते.

आंबराई (परभणी)

मी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. काळीभोर दादांनी मांडलेला हिशेब शेतकऱ्याच्या हातात देण्यासारखा आहे, परंतु त्याच्या मर्यादा नीट लिहिल्या नाहीत तर पुढे कोणी आकडा चुकला म्हणून पद्धतच टाकून देईल, म्हणून तीन बाबी मांडते.

पहिली बाब हिवाळ्याची. कमाल २८ आणि किमान १० असताना सरासरी १९ येते आणि ६ दिवस-अंश मिळतात, पण रात्री तापमान १३ च्या खाली गेले म्हणून दुपारी मिळालेली उष्णता परत जात नाही. रात्रीच्या त्या तासांत वाढ शून्य असते, उणे नसते. त्यामुळे किमान तापमान उंबरठ्याच्या खाली जाते तेव्हा साधी सरासरी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा देते. संशोधक त्यासाठी दिवसाच्या तापमानाची वक्ररेषा धरून गणित करतात. डिसेंबर-जानेवारीत साध्या पद्धतीच्या आकड्यात थोडी भर घालूनच वाचावे.

दुसरी बाब सुप्तावस्थेची. ती केवळ थंडीमुळे येत नाही. दिवसाची लांबी कमी होत जाणे हा मुख्य इशारा असतो, आणि त्याला गार रात्री आणि पक्व, तेलाने भरलेली सरकी यांची जोड मिळते. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस यांत अडीच तासांचाच फरक असतो. पंजाबात तो चार तासांच्या आसपास जातो. उत्तरेकडे सुप्तावस्था पक्की असते, दक्षिणेत ती क्वचित दिसते आणि वर्षभर पिढ्या चालू राहतात. आपण मध्ये आहोत. त्यामुळे उबदार हिवाळ्यात आपल्याकडे त्याच शेतात काही अळ्या झोपलेल्या आणि काही अळ्या खात असलेल्या, असे दोन्ही प्रकार आढळू शकतात. फरदड ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट स्थिती आहे, कारण जागी असलेली अळी उशिराच्या बोंडांवर आणखी एक पिढी काढते आणि झोपलेली अळी पुढच्या हंगामासाठी शिल्लक राहते.

तिसरी बाब बोंडाच्या आतल्या तापमानाची. हवामान केंद्राचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. दाट, पाणी दिलेल्या कपाशीच्या आत दुपारी हवा थंड राहते, तर विरळ कोरडवाहू पिकात बोंड उन्हात तापते. एकाच गावात ठिबकवरच्या आणि बरड रानातल्या अळीचा वेग यामुळे काही दिवसांनी वेगळा पडू शकतो. ५०० या आकड्याकडे अंदाज म्हणून पाहावे, वेळापत्रक म्हणून पाहू नये.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत या किडीच्या उंबरठा तापमानावर आणि दिवस-अंशांवर काम झालेले आहे, त्यामुळे ही पद्धत परदेशातून जशीच्या तशी उचललेली आहे असे कोणी समजू नये.

पांदण (अकोला)

आमच्या भागात वर्षानुवर्षे सांगितले जाते की पोळ्याच्या अमावस्येला पतंग अंडी घालतो, म्हणून पोळा झाला की लगेच अंडीनाशकाची फवारणी करावी. वडील तेच करत आणि त्याचा गुण येतो असे त्यांचे मत होते. अंधाऱ्या रात्रीचा आणि अंडी घालण्याचा संबंध आहे की नाही, आणि या हिशेबात अमावस्येचे काय करायचे, ते कोणी सांगेल का?

काळीभोर (यवतमाळ)

पांदण भाऊ, वडिलांचा अनुभव बिनबुडाचा नाही. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेल्या कपाशीला जुलैअखेर पाते लागते आणि तिथून मोजले तर पहिल्या पिढीचे पतंग ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात. पोळाही बहुतेक वर्षी याच सुमाराला येतो. दोन्ही गोष्टी शेजारी आल्या की संबंध जोडला जाणे साहजिक आहे, आणि ज्या वर्षी त्या नेमक्या एकत्र येतात त्या वर्षी फवारणीचा गुणही येतो.

अडचण अधिक महिन्याच्या वर्षी होते. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ साली तो २२ ऑगस्टला होता. या दोन तारखांत २३ दिवसांचे अंतर आहे. रोजचे १४.५ दिवस-अंश धरले, तर २३ दिवसांत सव्वातीनशेहून अधिक दिवस-अंश होतात, म्हणजे एका पिढीचा दोन तृतीयांश भाग. एका वर्षी पोळ्याला फवारणारा शेतकरी अंड्यांवर फवारत असेल, तर दुसऱ्या वर्षी त्याच तिथीला अळ्या बोंडात शिरून बसलेल्या असतील. अळीच्या वाढीला लागणारी उष्णता तिथीप्रमाणे मागेपुढे होत नाही.

पोळा हा बैलांचा सण आहे आणि तो तसाच आनंदाने करावा. फवारणीसाठी मात्र सापळे पाहावेत. हेक्टरी पाच कामगंध सापळे, आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर पिकात उतरून पाहणी करायची. फुलांच्या काळात शंभरात दहा डोमकळ्या, किंवा पुढे वीस हिरवी बोंडे फोडून त्यांत दोन किडलेली निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. बोंड फोडताना फक्त सरकीकडे पाहू नये, सालीच्या आतल्या बाजूलाही पाहावे. तिथे अळी शिरल्याच्या जागी पांढुरकी गाठ किंवा नागमोडी खूण दिसते आणि अळी अगदी लहान असली तरी चुकत नाही.

आंबराई (परभणी)

सापळ्यांबाबत तापमानाचीच एक गोष्ट जोडते. नर पतंग मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत मादीच्या शोधात उडतो. रात्र फार गार असेल किंवा वारा असेल, तर तो कमी उडतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये सापळा रिकामा दिसला म्हणजे कीड संपली असे नसते. उलट कडक उन्हाळ्यात ल्यूरमधले (सापळ्यात टांगलेल्या गंधाच्या गोळीतले) गंधद्रव्य लवकर उडून जाते. तीन-चार आठवड्यांनी बदलायची ल्यूर मे-जूनमध्ये त्याहून लवकर बदलणे इष्ट. ट्रायकोकार्ड (बोंडअळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या परोपजीवी कीटकाचे कार्ड) लावणाऱ्यांनीही भर दुपारी कार्ड लावू नयेत, कारण त्यातला परोपजीवी कीटक बोंडअळीपेक्षाही उष्णतेला हळवा असतो. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला कार्ड टाचावे.

वणीकर

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. त्या सर्व फवारण्या बोंडअळीसाठीच होत्या असे नाही, रसशोषक किडींसाठीही त्या होत होत्या. परंतु डोक्याच्यावर वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, अळी आत जाऊन बसल्यावर मारलेला प्रत्येक पंप हा मजुराच्या अंगावरचा निव्वळ धोका असतो. दिवस-अंशांच्या हिशेबाने हंगामात एक जरी निरर्थक फवारणी टळली, तरी मला हा विषय पैशांच्या बचतीपेक्षा मोठा वाटतो. ज्यांच्या रानावर मजूर फवारणी करतात, त्यांनी तरी हा हिशेब मांडूनच पंप भरायला सांगावा.

सोनोरा (फिनिक्स, ॲरिझोना)

मूळचा वर्ध्याचा, आता अनेक वर्षे इथे आहे. ही चर्चा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण हीच कीड इथल्या कापसाचीही शत्रू होती. अमेरिकेत ती १९१७ साली टेक्सासमध्ये आढळली आणि २०१८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाच्या कापूस क्षेत्रातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

ॲरिझोनातही उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तरीही नुसत्या उष्णतेने अळी गेली नाही. इथे कापसासाठी आणि किडीसाठी उष्णता एकके मोजण्याची पद्धत पूर्वीपासून रुळलेली आहे. त्यात खालची मर्यादा ५५ अंश फॅरनहाइट धरतात, म्हणजे १२.८ अंश सेल्सिअस, आणि हा आकडा काळीभोर यांच्या १३ अंशांशी जुळतो. पण मोजमापाला जोड होती ती सर्वांनी एकत्र पाळलेल्या तारखांची: ठरलेल्या मुदतीत पीक कापून, धसकटे जमिनीत गाडणे कायद्याने बंधनकारक होते. त्यावर बीटी कापूस, गंधद्रव्याने नर-मादीची भेट टाळणे आणि विमानातून सोडलेले कोट्यवधी निर्बीज पतंग, अशी सर्व साधने एकाच प्रदेशात एकाच वेळी वापरली गेली.

आपल्याकडे शेतांचे आकार, शेतकऱ्यांची संख्या आणि एकट्या महाराष्ट्रातले सुमारे ४० लाख हेक्टरचे कापूस क्षेत्र पाहता निर्बीज पतंगांची नक्कल करणे कठीण आहे. मुदतीत पीक संपवण्याची गोष्ट मात्र विमानाशिवाय होऊ शकते.

तापीकाठ (जळगाव)

काळीभोर दादांनी दोन पेरण्यांच्या तारखा शेजारी मांडल्या, तो भाग मी आमच्या गटात वाचून दाखवला. ठिबक असणारे शेतकरी ताबडतोब ऐकतील असे नाही, कारण मे महिन्यातील लागवडीला उत्पादन जास्त मिळते हा त्यांचा अनुभव आहे. एक मधला मार्ग सुचला आहे, त्यावर मत द्यावे. लागवड जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची, पण कमी कालावधीचे वाण घ्यायचे आणि ठिबकच्या जोरावर पीक नोव्हेंबरअखेर संपवायचे. यामुळे पाते जुलैच्या मध्यावर लागेल. पतंगांचा भर पूर्ण ओसरलेला नसेल, पण शेवटच्या बाजूने एक पिढी कमी होईल.

काळीभोर (यवतमाळ)

मला हा मार्ग व्यवहार्य वाटतो. तुमच्या तारखांप्रमाणे १५ जुलैला सुरुवात धरली, तर पतंग १८ ऑगस्ट, २२ सप्टेंबर आणि ऑक्टोबरअखेर असे येतील. ऑक्टोबरअखेरच्या पतंगांची अंडी ज्या बोंडांवर पडतील, ती बोंडे तुम्ही नोव्हेंबरच्या वेचणीनंतर उभी ठेवलीच नाहीत, तर सुप्तावस्थेत जाणारी पिढी तयारच होणार नाही. अट एवढीच की पऱ्हाट्या बांधावर रचायच्या नाहीत. श्रेडरने बारीक करून जमिनीत मिसळाव्यात किंवा आठवड्याभरात गावाबाहेर जाव्यात.

नोंदींसाठी एक सूचना आहे. कमाल-किमान तापमापी साध्या दुकानातही मिळतो. तो झाडाच्या सावलीत, जमिनीपासून साधारण चार-साडेचार फूट उंच, भिंतीपासून आणि टिनाच्या पत्र्यापासून दूर टांगावा. पहिले पाते दिसेल तो दिवस शून्य धरून पुढे रोजचे दिवस-अंश लिहीत जावेत आणि बेरीज ४०० च्या पुढे गेली की सापळे रोज सकाळी पाहावेत. आपल्या शिवारात पाते एकाच दिवशी लागत नाही, म्हणून आपल्या शेताबरोबर शेजारच्या सर्वांत लवकर पेरलेल्या शेताची तारीखही लिहावी, कारण पहिले पतंग तिथूनच येणार.

पांदण (अकोला)

मी यंदा आमच्या शेतात हे करून पाहतो. वहीत तारीख, कमाल, किमान, त्या दिवसाचे दिवस-अंश, एकूण बेरीज आणि दर सापळ्यातले पतंग असे रकाने आखले आहेत. आणखी काही लिहावे का?

आंबराई (परभणी)

ल्यूर बदलल्याची तारीख आणि पावसाची नोंद यांचे दोन रकाने आणखी ठेवा. ल्यूर जुनी झाल्यामुळे घटलेली संख्या आणि खरोखर घटलेले पतंग वहीत सारखेच दिसतात, आणि पावसाच्या रात्री सापळा रिकामा राहिला तर तो आकडा तीन रात्रींच्या मोजणीत धरू नये.

रेचा (हिंगणघाट)

मी मार्चपासून जिनिंगच्या आवारातल्या सापळ्यांचे आकडे दर सोमवारी या धाग्यावर टाकत जाईन. कोणाच्या गावाजवळ जिनिंग असेल, तर त्यांनी मालकाला भेटून आवारात सापळे लावायला सांगावे. सापळ्याचा खर्च किरकोळ आहे आणि नाही म्हणणारा मालक मला अजून भेटलेला नाही.